मधुमालतीच्या बुडाशी

मधुमालतीला बी धरत नाही, निदान आमच्या आर्णीत मी तरी कधी पाहिलं नाही. तिची खालची एखादी लवचीक फांदी घ्यायची, पेराजवळची साल नखाने जराशी खरवडायची, ती जागा मातीत दाबायची आणि वर वीट ठेवायची. मग पावसाळाभर तिकडे बघायचं नाही. बघितलं की हात शिवशिवतात आणि कोवळी मुळं तुटतात. दिवाळीनंतर वीट उचलायची, मुळं फुटली असली तर मूळ वेलीपासून कापून वेगळी लावायची. पहिलं वर्ष ती रुसून बसते. दुसऱ्या वर्षी कौलांवर चढते. तिसऱ्या वर्षी शेजारी भांडायला येतात.

हे मला कोणी शिकवलं नाही. चार-पाच वेली मारल्या तेव्हा समजलं. शेणखत बेताचंच घालायचं, नाहीतर नुसता पाला माजतो. थंडीत कात्री चालवताना दयामाया दाखवायची नाही, कारण फुलं नव्या फुटीवरच येतात. यवतमाळच्या एका नर्सरीवाल्याने हिच्याच कुंडीवर हनीसकल अशी पाटी लावली होती. मी म्हटलं, भाऊ, ती थंड मुलखातली वेगळी, ही आपली गावची. तो म्हणाला, पाटी काढली तर गिऱ्हाईक काढतं का पैसे? 

आमच्या दारच्या वेलीचा मांडव रस्त्यापर्यंत आलेला. फुलं संध्याकाळी उमलताना पांढरी, सकाळी गुलाबी, नंतर लाल. नवीन माणूस विचारायचा, भाभी, तीन वेली लावल्या काय? मांडवाच्या एका अंगाला माझ्या नवऱ्याचं, अन्सारमियाँचं दुकान होतं. पाठीवर घ्यायचे फवारणीचे पंप ते दुरुस्त करत. कपाशीचा हंगाम असला की दुकानापुढे पंपांची रांग लागायची आणि घरभर औषधांचा वास भरून राहायचा. त्यांच्या सदऱ्याला, उशीला, कधी कधी भाकरीलाही तो वास यायचा. लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, तुमच्याजवळ डासही येत नाहीत, मीच कशी आले. ते हसले होते.

समोरच्या घरात रुपाली राहायची. नवरा पुण्याकडे कामाला, घरी सासू मथुराबाई, सासरा नागोराव आणि श्रावस्ती. श्रावस्तीला सगळे शाऊ म्हणत. रुपाली लोकांच्या शेतात निंदायला, तण काढायला जायची, मथुराबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून पोर दिवसभर माझ्याकडे. मला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. मला मूल नाही. हे मी रडून सांगत नाही, कारण शाऊ दिवसभर इतकी बोलायची की आणखी एखाद्याला जागाच नव्हती.

तिला मध चोखायला मीच शिकवलं. मधुमालतीच्या फुलाला लांब नळी असते. फूल देठातून ओढायचं, नळीचं टोक दातांनी तोडायचं आणि जिभेवर धरायचं. एक थेंबही नसतो, पण गोड लागतो. आम्ही लहानपणी असंच करायचो. शाऊ मांडवाखाली बसली की आजूबाजूला चोखून टाकलेल्या फुलांचा सडा पडायचा.

त्या वर्षी आषाढात मथुराबाईंना वेलीत सापाची कात दिसली. चांगली हातभर लांब, फांद्यांत गुंतलेली. त्यांनी काठीने काढून रस्त्यावर टाकली आणि सगळी गल्ली बघायला आली. पुढे दोन दिवसांनी मी स्वतः सापाला पाहिलं. मांडवाच्या खांबावरून तो खाली उतरत होता, अगदी सावकाश, जणू भाडं भरून राहत होता.  शाऊ त्याच खांबाला टेकून बसायची.

संध्याकाळी रुपाली निंदणाहून आली ती थेट माझ्या दारात. हातात अजून खुरपं होतं.

"भाभी, एक तर वेल ठेवा, नाहीतर माही पोरगी. दोन्ही नाई राहू शकत."

मी म्हटलं, उद्याच कापते. म्हटलं खरं, पण कात्री घेऊन उभी राहिले आणि हात उचलेना. खालच्या चार फांद्या छाटल्या आणि आत आले. अन्सारमियाँ दुकानातून बघत होते. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की वेल नको कापू, मी करतो बंदोबस्त. मला वाटलं, सापवाल्याला बोलावतील. पुढच्या आठवड्यात मी घाटंजीला बहिणीकडे गेले, तिची मुलगी नाहिद बाळंत झाली होती. परत आले तेव्हा हे म्हणाले, गेला साप. आता नाही येणार. मी विचारलं, पकडला? ते म्हणाले, गेला म्हणजे गेला. रुपालीनेही काही दिवस नजर ठेवली, मग शाऊ परत मांडवाखाली बसायला लागली.

श्रावण संपत आला तशी वेल अशी फुलली की रस्त्याने जाणारे दुचाकी थांबवून बघायचे. पानं हिरवीकंच, जाड, एकही छिद्र नाही. दरवर्षी कोवळ्या शेंड्यांवर मावा, ती बारीक कीड, चिकटायचा, त्यामागे मुंग्यांच्या रांगा लागायच्या. त्या वर्षी मावा नाही, मुंग्या नाहीत. मला वाटलं, छाटणी मानवली. मी चार बायकांना बोलावून दाखवलं. बुडाशी कुजलेल्या लसणासारखा वास यायचा, तो मी दुकानाच्या नावावर टाकला. आमच्या घरात वासाची चौकशी कोण करतं?

पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आला. पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा पोरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं शाळेच्या मैदानात रांगेत उभी राहतात, बक्षिसं मिळतात, मग घरोघर बैल नेऊन बोजारा मागतात. कोणी रुपया देतं, कोणी चॉकलेट. नागोराव म्हणायचे, आपण बौद्ध, आपल्याला पोळ्याचं काय. पण शाऊसाठी लाकडी बैल त्यांनीच सुताराकडून करून आणला होता आणि चाकाला तेलही तेच घालत होते. मथुराबाई त्यांना म्हणाल्या, तुमचं धर्मांतर बैलाच्या चाकापाशी थांबलं वाटते.

सकाळपासून शाऊ मांडवाखाली. आधी तिने स्वतःच्या बैलासाठी माळ केली, मग गल्लीतली पोरं आली. मीच चटई टाकली, सुई-दोरा दिला. टोपलीभर फुलं तोडली. पोरांनी माळा ओवल्या, शिंगांना झुपके बांधले आणि मधूनमधून चोखत राहिली. मी एकाला दटावलंसुद्धा, अरे, बैलाला ठेव थोडी. दुपारी सगळी वरात मैदानाकडे गेली. शाऊने जाताना फ्रॉकच्या खिशात आणखी एक मूठ कोंबली, वाटेत खायला.

मी झाडू घेतला.

चटईखाली, खांबापाशी, दगडांच्या फटीत मेलेल्या मधमाश्या होत्या. एकदोन नाही. फुलांच्या सड्यात मिसळून गेल्या होत्या म्हणून इतके दिवस दिसल्या नसाव्यात, रोज झाडून टाकत होते मी त्यांना फुलांबरोबर. झाडू आणखी आत घातला तर बुडाशी तो निळाकाळा इवलासा पक्षी पडलेला. वाकड्या चोचीचा, जो फुलांपुढे हवेत थरथरत मध पितो. मुठीत मावेल एवढा. चोच उघडी होती आणि तिच्यातून काहीतरी चिकट आलं होतं.

ते सगळं सुपलीत भरून मी दुकानात नेलं. अन्सारमियाँ पंपाचं नोझल पुसत होते. मी मजेत म्हटलं, बघा, तुमच्या वासाने पाखरंही जायला लागली.

त्यांनी सुपलीत पाहिलं. मग माझ्याकडे. नोझल खाली ठेवलं, ते घरंगळत गेलं, त्यांनी उचललं नाही.

"पोरं कुठंसा आहेत?"

मी म्हटलं, मैदानात, तान्ह्या पोळ्याला. काहून?

"मी बुडाशी दाणेदार टाकलं होतं. सापासाठी."

मला लगेच समजलं नाही. दाणेदार औषध कपाशीच्या रोपाच्या बुडाशी टाकतात, हे मला माहीत होतं. सापाला त्याचा वास सोसत नाही म्हणून लोक घराभोवती टाकतात, हेही माहीत होतं. इकडे कोणाच्या घराभोवती ते नसतं? मी म्हटलं, मग काय झालं, बुडाशीच तर आहे, फुलांवर थोडंच आहे.

अन्सारमियाँनी मला शेतकऱ्याला सांगावं तसं सांगितलं, खालच्या आवाजात. ते औषध मुळं पितात. मग ते पानात चढतं, शेंड्यात चढतं. म्हणून तर टाकतात. झाडाचा रस जो कोणी चोखतो, तो मरतो.

माझ्या हातातली सुपली कशी खाली आली मला आठवत नाही. मांडवाकडे पाहिलं. इतकी सुंदर ती वेल कधीच दिसली नव्हती. मावा का नाही, मुंग्या का नाहीत, पानाला छिद्र का नाही, सगळं एकदम समजलं. आणि पोरांची तोंडं आठवली. सकाळपासूनची.

लुना दोन किक मारूनही सुरू होईना.  ज्या माणसाने जिल्ह्याचे पंप सुरू केले त्याला स्वतःची लुना सुरू करता येईना. मी म्हटलं, चला, पळत जाऊ. तेवढ्यात ती सुरू झाली. मी मागे बसले, पदर कुठे, चप्पल कुठे. वाटेत मी एकच हिशोब करत होते, की एका फुलात मध किती असतो. थेंबही नसतो. पण शाऊ सकाळपासून चोखत होती. आणि तो पक्षी तर थेंबाथेंबानेच पितो. पण पक्षी केवढासा. पण शाऊ तरी केवढी? असं उलटसुलट. मध्येच मी अल्लाहचं नाव घेतलं आणि पुढचं काय म्हणायचं तेच विसरले.

मैदानात दूरवर गुलाबी रंग दिसत होता. पोरांची लांब रांग, प्रत्येकाच्या पुढे लाकडी बैल आणि जवळजवळ प्रत्येक बैलाच्या शिंगांवर माझी फुलं. गल्लीतल्या पोरांनी दुसऱ्यांनाही वाटली होती. आमची वेल अख्ख्या रांगेवर चढली होती. एक बारकी पोरगी बैलाच्या गळ्यातल्या माळेतून एकेक फूल काढून तोंडात धरत होती.

मंडपात किराणा दुकानवाले फुलचंदशेठ माइकवर पोळ्याच्या झडत्या, बैलांपुढे म्हणायची चेष्टेची गाणी, म्हणत होते आणि लोक हसत होते. अन्सारमियाँ मैदानाच्या कडेला लुना धरून उभे राहिले ते उभेच. मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्हाला सगळे ओळखतात. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला त्यांची भीती समजली. तान्ह्या पोळ्याच्या मैदानात, सगळ्यांच्या पोरांसमोर, आमच्या नावाचा माणूस उभा राहून सांगणार की फुलांत विष आहे आणि ते मी घातलं. पुढे काय होईल हे कोणाला ठाऊक! मलाही तीच भीती होती. पण त्या बारक्या पोरीने आणखी एक फूल काढलं.

मी फुलचंदशेठकडे गेले, हाताने खुणावलं की माइक द्या. त्यांना वाटलं, बक्षिसाचं काही असेल. थांबा भाभी, झडती होऊ द्या, असं म्हणून ते पुढे म्हणत राहिले. मी थांबले नाही. सरळ रांगेत घुसले आणि पहिल्या बैलाची माळ तोडली. पोराने भोकाड पसरलं. दुसऱ्या बैलाची, तिसऱ्या. बारक्या पोरीच्या तोंडात बोट घालून फूल काढलं, ती चावली. मग कोणीतरी माझा दंड धरला.

"ओ बाई, हे काय करून राह्यल्या? सणाच्या दिवशी लेकरांचे बैल?"

माइक बंद झाला. मैदान एवढं शांत झालं की बैलाचं एक चाक घरंगळल्याचा आवाज आला. माणसं उठून उभी राहिली होती. मी ओरडले.

"फुलांत औषध हाये. कपाशीचं दाणेदार. पोरांच्या तोंडातले काढा आधी, मग मले मारा."

मला मारायला कोणी थांबलं नाही. बायका धावल्या. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षांत फवारणी करताना माणसं मेली होती, औषध म्हणजे काय हे कोणाला समजवावं लागत नव्हतं. पोरांची तोंडं उघडली जात होती, माळा तुटत होत्या, बैल आडवे होत होते. कोणी पदराने जिभा पुसत होतं. एक आजी नातवाला उलटा करून त्याच्या पाठीवर थापा मारत होती, त्याने काही खाल्लं नव्हतं तरी.

"कोणं टाकलं?" कोणीतरी ओरडलं. मग दोघातिघांनी तेच विचारलं.

"मी." अन्सारमियाँ गर्दीत आले होते. लुना कुठे पडली होती कोण जाणे. "वेलीत साप होता. सापासाठी टाकलं बुडाशी. फुलात चढते हे ध्यानात नाई राह्यलं."

माझ्या दंडावरचा हात सैल झाला. मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो रागावलेला राहिला नव्हता. तो काहीतरी आठवत होता. त्याच्या मागचा माणूसही. साप म्हटल्यावर ते दाणे ज्याने घराभोवती टाकले नव्हते असा एक तरी त्या मैदानात असेल का? कोणी न्हाणीमागे टाकले असतील, कोणी कुडाच्या बुडाशी, जिथे दोडक्याचा वेल छपरावर गेलेला असतो आणि तुळस असते, पुदिना असतो. एक बाई हळूच बाजूच्या बाईला म्हणाली की आपल्या भेंडीच्या वाफ्याजवळ... आणि पुढे बोललीच नाही. लोक एकमेकांकडे बघत नव्हते. मैदानात आता आमच्यापुरती भीती राहिली नव्हती. ती सगळ्यांची झाली होती आणि त्यामुळे आणखी मोठी वाटत होती.

आणि मला शाऊ दिसेना.

रांगेत तिचा बैल होता, ती नव्हती. मथुराबाई खुर्चीवरून उठू पाहत होत्या आणि हाका मारत होत्या. नागोराव धोतर सावरत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. शेवटी मीच पाहिलं. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे ती भिंतीला टेकून बसली होती, फ्रॉकवर ओकारी, हनुवटीवर लाळ. ती पुसत होती आणि लाळ परत येत होती. कपाळ घामाने थबथबलेलं.

"खाला, मले अंधूक दिसून राह्यलं," ती म्हणाली. अगदी नेहमीच्या आवाजात, जसं काही ती मला एखादी गंमत सांगत होती.

अन्सारमियाँनी तिची पापणी वर केली. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. फवारणीवरून आलेली किती माणसं त्यांच्या दुकानात अशी बसली असतील. त्यांनी तिला उचललं आणि ते धावले. फुलचंदशेठनी आपली जीप पुढे आणली. मी मागे बसले, शाऊचं डोकं मांडीवर. तिच्या फ्रॉकच्या खिशातली फुलं मी चालत्या जीपमधून फेकायला काढली आणि मग हात थांबला. रस्त्यावर टाकली तर आणखी कोणी उचलेल. दवाखान्यापर्यंत ती मी मुठीत धरून ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरने पहिलं विचारलं ते औषधाचं नाव. अन्सारमियाँनी नाव सांगितलं, दाण्यांचा रंग सांगितला, किती मुठी टाकल्या तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, फुलातून? त्यांनी असं कधी ऐकलं नव्हतं. पण बाहुली बघितली, लाळ बघितली आणि इंजेक्शन भरलं. फ्रॉक काढून तिचं अंग साबणाने धुतलं. मग परत इंजेक्शन. थोड्या वेळाने परत. तोवर बाहेर मैदानातल्या आया पोरांना घेऊन रांगेत बसल्या होत्या. एकेकाची जीभ, एकेकाचे डोळे. दोघांना मळमळ होती, ती भीतीची की पुरणपोळीची की फुलाची हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. त्यांना बसवून ठेवलं. बाकीच्यांना घरी पाठवलं.

रुपाली शेतातून आली तेव्हा तिच्या पायांना अजून चिखल होता. तिला वाटेतच सगळं समजलं होतं. ती माझ्याकडे न बघता आत गेली. शाऊ त्या वेळी लालबुंद झाली होती, बाहुल्या आता मोठ्या झालेल्या, हवेत हाताने काहीतरी तोडत होती आणि बडबडत होती. इंजेक्शनाने असं होतं, असं नर्सने सांगितलं. पण ते डोळे माझ्याकडे वळायचे आणि मला ओळखायचे नाहीत. मी कॉटच्या पायाशी उभी राहिले. बस म्हणायला कोणी नव्हतं आणि मलाही बसावंसं वाटत नव्हतं. रुपाली एकदाच बोलली, पाठ वळवूनच.

"मी सापाले भेत होती, भाभी. सापाले."

 साप बिचारा खांबावरून उतरून आपल्या वाटेने गेला होता.

ती रात्र कशी गेली ते मी सांगणार नाही. सकाळी शाऊने पाणी मागितलं, आणि बैलाला कोणतं बक्षीस मिळालं ते विचारलं. डॉक्टरने आणखी एक दिवस ठेवून घेतलं. मी घरी गेले, कारण वेल तिथेच होती आणि संध्याकाळी परत पांढरी फुलं उमलणार होती.

अन्सारमियाँनी दुकान उघडलं नव्हतं. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून ते कुऱ्हाडीने बूड तोडत होते. मी म्हटलं, मला द्या. त्यांनी दिली नाही. वेल मांडवावरून ओढायला दोघांनाही जोर लावावा लागला. इतकी वर्षं तिला वर चढायला मीच दोऱ्या बांधून दिल्या होत्या. खाली पडली तेव्हा अर्धा रस्ता भरला. मोठ्या पाहुणीसारखी पसरून पडली, फुलांसकट.

मग अडचण समजली. जाळावी तर त्या धुरात काय असेल ते माहीत नाही. अरुणावती नदीत टाकावी तर खाली माणसं पाणी भरतात. उकिरड्यावर टाकावी तर गल्लीतल्या बकऱ्या. मधुमालतीचा पाला बकऱ्या मिटक्या मारत खातात. आत्ताच तीन येऊन उभ्या होत्या. शेवटी मांडवाच्याच जागी खोल खड्डा घ्यायचा ठरलं, बुडाची मातीसुद्धा त्यात. पुढे तिथे काय लावायचं नाही. किती वर्षं नाही? ते विचारायला कोणाकडे जावं हेही आम्हाला माहीत नव्हतं. आणि विटांखाली दाबलेल्या फांद्या होत्या, ज्या मी दिवाळीनंतर चौघींना द्यायचं कबूल केलं होतं. त्यांनीही रस त्याच मुळांचा प्यायला होता. त्याही उपटल्या. एकीला कोवळी मुळं फुटली होती.

खड्डा खणायला दुसरा दिवस उजाडला, जमीन दगडाची. दुपारी अन्सारमियाँ आत पाणी प्यायला गेले आणि मी ढिगाऱ्यापाशी काठी घेऊन बसले. बकऱ्या येत होत्या, मी हाकलत होते, त्या चार पावलं जाऊन परत येत होत्या. येणारीजाणारी माणसं थांबायची, बघायची. एक बाई म्हणाली की वाळल्यावर चुलीला होईल, मी इतक्या जोराने नाही म्हटलं की ती दचकली.

रिक्षा आली. नागोरावांनी शाऊला उतरवून घेतलं. ती बारीक दिसत होती. रुपालीने तिला आपल्या उंबऱ्यात उभं केलं आणि खांद्यावर हात ठेवला, रस्ता ओलांडू नये म्हणून. मी उठले नाही. उठून जायचा मला हक्क आहे असं वाटेना.

शाऊने ढिगाऱ्याकडे पाहिलं. मग तिथूनच ओरडून विचारलं.

"खाला, बकरीनं खाल्लं तर बकरी मरते?"

"माहीत नाई, बेटा," मी म्हटलं. "म्हणून तं बसली."

तिने मान डोलावली. रुपालीने तिला आत मथुराबाईंजवळ नेऊन बसवलं, दाराला बाहेरून कडी लावली. मग कुडाची एक काठी उपसली आणि रस्ता ओलांडून आली. ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथून बकऱ्या घुसत होत्या, तिथे ती उकिडवी बसली.  एक बकरी तिच्या बाजूने तोंड घालायला आली. तिने काठी उगारली.